खिशातला चमचा

अरुण गेल्याची बातमी मला आमच्या भावंडांच्या ग्रुपवर कळली. वर कुणीतरी टाकलेला सुप्रभातचा सूर्य, खाली कुणाच्या तरी नातवाचा केक, आणि या दोघांच्या मधे अरुण… जोडलेले हात, फुलांचा हार, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्या चित्राच्या कोपऱ्यात एक लालभडक इलेक्ट्रिक गिटारही डकवली होती. अरुणनं जन्मात इलेक्ट्रिक गिटारला हात लावला नव्हता. मी चहाचा कप खाली ठेवला. खरं सांगतो, पहिल्यांदा जे मनात आलं ते दुःख नव्हतं, शिसारी होती. दुःख नंतर आलं, यवतमाळहून निघालेल्या बसमध्ये, करंजीच्या अलीकडे. समोरच्या सीटवरचा माणूस संत्र्याची सालं माझ्या चपलेवर टाकत होता. मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. तो बिचारा घाबरून सालं गोळा करायला लागला.

माझा स्वभावच तसा आहे. ताटात केस निघाला की माझं जेवण संपतं. दुसऱ्याचा टॉवेल, उष्टा पेला, वहीची पानं थुंकी लावून उलटणारे साहेब, सगळ्याची मला किळस येते. आमची ही म्हणते, "देवानं तुम्हाला नाक फक्त मुरडायला दिलं." अशा माणसाची आणि अरुणची दोस्ती व्हावी, हे नवलच. अरुण माझा मावसभाऊ, माझ्याच वयाचा. मारेगावात त्यांची शेती, कापूस आणि तूर. शेती मोठा भाऊ भास्करदादा बघायचा. अरुण शाळेत गणित शिकवायचा, लग्न केलं नाही, आणि उरलेला सगळा वेळ गिटार. माझी मारेगावच्या कार्यालयात बदली झाली तेव्हा मावशीनं हुकूम सोडला की खोलीबिली काही करायची नाही, सोमवार ते शुक्रवार आमच्याकडेच राहायचं. पहिल्याच दिवशी आम्ही जेवायला बसलो. मावशीनं वरण-भात वाढला, वर तुपाची धार सोडली. आणि अरुणनं शर्टाच्या खिशातून स्टीलचा चमचा काढला, रुमालानं पुसला, आणि चमच्यानं वरण-भात खायला लागला.

मला चमच्यानं वरण-भात खाणारा माणूस बघवत नाही, अजूनही. पण त्या दिवशी चमच्यापेक्षा वाईट दिसले ते त्याचे हात. डाव्या हाताची नखं पार मांसापर्यंत कापलेली, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याची, पहिल्या तीन बोटांची नखं वाढलेली. नुसती वाढलेली नाही, घासून तिरपी, चकचकीत केलेली. करंगळीचं मात्र कापलेलं. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"पाह्य, साहेब जेवून राह्यले," भास्करदादा म्हणाला. "हातानं खाल्लं त नखात वरणाची हयद जाते त्याहिच्या."

अरुण हसला आणि जेवत राहिला. हे रोजचंच असावं. नंतर मी पाहिलं, तो चमचा लग्नाच्या पंगतीतही त्याच्या खिशात असायचा. पंगतीत वाढणारी पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची. वेचणीच्या दिवसांत तर आणखी तमाशा. पऱ्हाटीच्या सुकलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, त्यात बोटं घालून कापूस ओढावा लागतो. एका दिवसात नखांच्या चिंध्या. अरुण शेतात जायचा, गाठोडी उचलायचा, पाणी द्यायचा, पण बोंडाला उजवा हात लावायचा नाही. डाव्या हातानं वेचायचा, सगळ्यांत मागं राहायचा. भास्करदादाचा तिळपापड व्हायचा. "त्या राजूरच्या पोट्ट्यांजवळ प्लास्टिकची चकती हाये वाजवाले. तुले कायले नखं पाह्यजे? बायकोसारखी?" अरुणनं कधीकाळी समजावलं असेल, पण मी पाहिलं तोवर तो थकला होता. "शौक समज, दादा," एवढंच म्हणायचा. आणि दादानं ते तसंच समजलं होतं. शौक.

ही विद्या त्याला राजूरला मिळाली होती. कोळसा खाणीच्या वसाहतीत दक्षिणेकडचे एक सर्वेक्षक होते, ते बोटांनी वाजवायचे. कॉलेजात असताना अरुण सायकलवर त्यांच्याकडे जायचा. ते निवृत्त होऊन गावी गेले आणि जाताना आपली जुनी गिटार याला देऊन गेले. त्यानंतर या तालुक्यात तसं वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे आपण चुकतोय की बरोबर, हे सांगणारंही कुणी नव्हतं. अरुण एकटाच आपलं ऐकत, आपल्यालाच रागावत शिकत राहिला. रोज शाळेतून आला की पाय धुवायचा आणि ओसरीत बसून नखं घासायचा. सुतार लाकडाला शेवटचा हात मारायला वापरतात तो बारीक पॉलिश पेपर, त्याचा बोटभर तुकडा. घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. पांढरी भुकटी लुंगीवर पडायची. मी तोंड फिरवून बसायचो. एकदा मधल्या बोटाचं नख तुटलं तर त्यानं टेबल टेनिसचा चेंडू कापला, त्याचा नखाएवढा तुकडा गमानं बोटावर चिकटवला आणि घासून नखासारखा केला. मी उठून अंगणात गेलो. पण संध्याकाळी तो वाजवायला बसला, आणि मला कोणत्या बोटाला चेंडू लावलाय ते ओळखता आलं नाही.

तो आवाज… मला संगीतातलं काही कळत नाही, कळत नव्हतं. गिटार म्हटलं की मला गणपतीतले ऑर्केस्ट्रे आठवायचे, घामट शर्ट आणि खरखरीत स्पीकर. अरुणचा आवाज तसा नव्हता. एकेक सूर गोल होता, आणि संपताना हळू बाजूला व्हायचा. आतल्या खोलीत तर कार्तिकापासून कापूस भरलेला असायचा. कापूस आवाज गिळतो आणि वर अंगाला खाज आणतो, म्हणून अरुण हिवाळाभर ओसरीतच वाजवायचा, गोठ्याकडे तोंड करून.

एका संध्याकाळी माझं डोकं उठलं होतं, साहेबाच्या नावानं बोटं मोडत बसलो होतो. अरुणनं गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "धर. शिव्या द्यापेक्षा हे कर." तेव्हापासून मी त्याचा विद्यार्थी झालो, पंचेचाळिशी उलटल्यावर. आणि काय सांगू, शिकण्याइतकी घाणेरडी गोष्ट नाही. डाव्या हाताच्या बोटांना फोड आले, फुटले, साल निघाली, पुन्हा फोड आले. ती साल मी गिटारच्या तारांवर चिकटलेली पाहिली आणि दोन दिवस हात लावला नाही. अरुण म्हणाला, "होते तसं. त्याच्यानंतर कातडं घट होते." मी तारा जिवाच्या आकांतानं दाबायचो. तो म्हणायचा, "कोंबडीची मान धरली का बे? सोड थोडं. आणखी सोड. खरखर आली? आता तिच्याहून जरासंच जास्त दाब. बस, तेवढीच ताकद लागते." तेवढ्या ताकदीचा अंदाज यायला माझा एक हिवाळा गेला. गाणं शिकव म्हटलं की तो वसकन अंगावर यायचा. एक तार, एक बोट, एक सूर. तोच, पुन्हा तोच. मला वीट यायचा, त्याला कधीच नाही.

आणि एवढं करून माझा आवाज मेंगळट. अरुण डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "घोंगडं पांघरून बोलून राह्यला तू, नंदू." असं का होतं, ते त्यानं एकदा हात पुढं करून नीट दाखवलं होतं. "आधी बोटाचं मांस तारेले लागते. मग तार नखावरून घसरते आन् सुटते. नख ओढत नाही, नख सोडते. तुह्याजवळ सोडणारं काहीच नाही, म्हणून तो आवाज आतच राह्यते." मला पटलं होतं, समजलंही होतं. पण मी नखं वाढवणार नव्हतो. ऑफिसात चहा द्यायचा हात, जेवायचा हात, त्याच्यावर ते तसलं… शी! अरुणनं कधी आग्रह केला नाही. "नखं तुही, किळस तुही," म्हणाला, आणि पुन्हा तीच तार वाजवायला सांगितली. पुढं माझी यवतमाळला परत बदली झाली, मावशी गेली, तरी मी रविवारी मारेगावला जात राहिलो, घोंगडं पांघरून वाजवायला.

आमची शेवटची भेट यंदाच्या नवरात्रातली. यवतमाळचा दुर्गोत्सव म्हणजे काय असतो ते इथल्या वाचकांना मी सांगायला नको. आमच्या गल्लीतल्या मंडळाला कुणीतरी सुचवलं की एखादा दर्जेदार कार्यक्रम ठेवू. मीच नाव सांगितलं होतं, मीच त्याला आणलं. अरुण इस्त्रीचा शर्ट घालून आला, खिशात चमचा. भास्करदादालाही ये म्हणाला होता, पण दादाचं सोयाबीन निघत होतं. मंचावर अरुण बसला, माइकवाल्यानं गिटारच्या भोकात जवळजवळ माइक कोंबला, आणि पलीकडच्या चौकातल्या मंडळाचा डीजे सुरू झाला. अरुण वाजवत होता, बोटं हलताना दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. थोड्या वेळानं एक कार्यकर्ता, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, मंचावर चढून त्याच्या कानाशी वाकला. "काका, फास्ट काही वाजवा ना. पब्लिक उठून राह्यली." खर्ऱ्याचा एक थेंब गिटारवर पडला. मी खालून पाहिला. अरुणनं रुमाल काढला, गिटार पुसली, नमस्कार केला आणि उतरला. घरी आल्यावर मी मंडळाला शिव्या देत होतो, तो शांतपणे जेवत होता. चमच्यानं. म्हणाला, "दादा नाही आला ते बरं झालं. त्यानं एकदा ऐकावं असं वाटते मले. पण असं नको." मी म्हटलं, अरे, तो तीस वर्षं घरातच आहे. "घरात त बैलबी हायेत," तो म्हणाला आणि हसला. दसरा झाला, आणि पुढल्या आठवड्यात शाळेत फळ्यासमोरच त्याला झटका आला.

मी पोचलो तेव्हा त्याला अंगणात आंघोळ घालून झाली होती. मी पायांपासून बघत गेलो, कारण चेहऱ्याकडे बघायचा धीर नव्हता, आणि हातापाशी थांबलो. उजव्या हाताची नखं कापलेली होती. वेडीवाकडी, घाईनं, एका बोटाला खरचटलंसुद्धा होतं. शेजारचा एक म्हातारा मला समजावून सांगत होता, "डाव्या हाताची काढलेली होती, उजव्याची राह्यली होती बिचाऱ्याची. असं घाण नेत नसतात माणसाले. भास्करनं काढली मंग." ओल्या मातीत ते तुकडे पडले होते, चार, पातळ, चंद्रकोरीसारखे. एक कोंबडी आली, तिनं एक टोचून पाहिला, चोचीत धरला आणि टाकून दिला. मी गोठ्यामागं जाऊन ओकलो. तीस वर्षं रोज संध्याकाळी घासून घासून त्या माणसानं जे तयार केलं होतं, ते त्याच्याच घरच्यांनी जाता जाता स्वच्छतेच्या नावाखाली काढून टाकलं. मला भास्करदादाची किळस आली. त्याच्या हाताची, अंगणाची, रांगेनं उभ्या त्या सगळ्या चांगल्या माणसांची.

तेरवीला तर कहर झाला. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! ज्यांनी जन्मभर त्याच्या चमच्याला नावं ठेवली ते 'थोर कलावंत' म्हणत माइक सोडेनात. वणीहून आलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फोटोसमोर लहान स्पीकर लावून भराभरा काहीतरी वाजवलं, सूर एकमेकांच्या अंगावर पडत होते, आणि त्याचा मित्र त्याचं रील काढत होता. फोटोचा हार रीलमध्ये नीट दिसत नाही म्हणून ते पुन्हा एकदा वाजवलं गेलं. मग एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक उठले आणि गहिवरून म्हणाले, "आज आपले अरुण सर देवापुढं बसून गिटार वाजवत असतील…" टाळ्या वाजवायच्या की नाही हे न कळून दोघातिघांनी वाजवल्या. माझ्या जिभेवर आलं होतं, कशानं वाजवतोय तो? नखं तर तुम्ही इथंच ठेवून घेतली. पण समोर भास्करदादा बसला होता, गुडघ्यात डोकं घालून. मी पानावरून उठलो आणि न जेवता हात धुतला.

संध्याकाळी मांडव निघाला, माणसं पांगली. मी पिशवी उचलली तर भास्करदादा ओसरीत गिटार घेऊन उभा. पोतं धरावं तशी दोन्ही हातांनी धरलेली. "हे तू ने," म्हणाला. मग म्हणाला, "नेण्याआंधी एकडाव वाजवून दाखव. तो वाजवे तसं." मला आश्चर्य वाटलं. मी बसलो, अरुणनं मला शिकवलेलं तेवढंच वाजवलं. दादा गोठ्याच्या दारात जाऊन उभा राहिला, पाठ करून. थोडं ऐकून त्यानं मान हलवली.

"हे नाही, नंदू. त्याचं येगळं होतं."

"तुम्ही ऐकायचे?"

"त मंग? धारा काढाले मी इथंच बसत होतो ना रोज. माही गाय त्याच्याबिगर पान्हा सोडत नव्हती." तो वळला. डोळे लाल होते. "तुले त्यानंच शिकवलं, गिटार तेच हाये. मंग तो आवाज काहून येत नाही?"

हाच क्षण होता. गेले कितीतरी दिवस जे पोटात सडत होतं ते ओकून टाकायला याहून चांगली संधी मिळाली नसती. मी तोंड उघडलं, आणि तोच म्हणाला, "लहानपणी त्याची नखं मीच काढत होतो. मायले डोळ्यानं दिसे नाही बारीक. लय हात ओढे तो… या वक्ताले नाही ओढला."

मी म्हटलं, "माझा हात कच्चा आहे, दादा." आणि गिटार घेऊन निघालो. बसमध्ये मला माझाच संताप येत होता. एवढं खरं, एवढं धारदार वाक्य माझ्याकडं होतं, आणि मी ते गिळलं होतं.

त्यानंतर मी नखं कापली नाहीत. उजव्या हाताची, अंगठा आणि पहिली तीन बोटं. घरात हाहाकार झाला. आमची ही म्हणाली, "तुम्ही? तुम्ही?" ऑफिसात शिपाई माझ्या हातातून फाईल घेताना बोटं लांब ठेवतो. मला स्वतःला रोज सकाळी तो हात बघून कसंतरी होतं. कान खाजवला तरी ओरखडा उठतो. पॉलिश पेपर आणला, घासायला बसलो, आणि लुंगीवर पांढरी भुकटी पडली. मी उठून चूळ भरून आलो आणि पुन्हा बसलो. तिरपं कुठून धरायचं ते कळेना. अरुण घासायचा तेव्हा मी तोंड फिरवून बसायचो, आता कुणाचं बघणार? एक नख हुकासारखं अडकायचं, दुसरं चरचरायचं. तार, घासणं, पुन्हा तार. आणि मग एका संध्याकाळी मधल्या बोटानं एक सूर सुटला. एकच. गोल. मी घाबरून मागं पाहिलं.

गेल्या रविवारी मारेगावला गेलो. वेचणी जोरात चालू आहे, अरुणच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलाय, तेव्हा ओसरीतच बसलो. भास्करदादा धार काढत होता. मी काही न बोलता सुरू केलं. चांगलं वाजवलं असं मुळीच नाही, अडखळलो, चुकलो. पण मधेमधे काही सूर यायचे, ते त्याचे होते. चरवीत पडणाऱ्या धारांचा आवाज थांबला. दादा दारात आला. माझ्या चेहऱ्याकडं त्यानं पाहिलंच नाही, तो माझ्या हाताकडं बघत होता. जवळ आला, खाली बसला आणि माझा उजवा हात आपल्या हातात घेतला. त्याचा हात दुधानं ओला होता, शेणाचा वास येत होता. मी हात ओढला नाही. त्यानं माझं एकेक नख अंगठ्यानं चाचपून पाहिलं, टोकापर्यंत.

"याच्यातून येत होता काय तो आवाज?"

मी बोटं आणखी पसरली.

"मले वाटे शौक हाये त्याचा…" तो म्हणाला. हात मात्र सोडला नाही. आतून वहिनींनी जेवायला हाक मारली, तसा तो माझाच आधार घेऊन उठला.

आम्ही ताटावर बसलो. वहिनींनी वरण-भात वाढला, वर तूप. मी हात पुढं केला, नखांकडं पाहिलं आणि तसाच थांबलो. भास्करदादानं पहिला घास उचलला होता, तो त्यानं ताटात परत ठेवला.

"याले चमचा दे," तो वहिनींना म्हणाला. "अरुणचा."

वहिनींनी फळीवरून तो काढला, पदरानं पुसून माझ्या ताटात ठेवला. त्याचा दांडा खिशात राहून राहून जरासा वाकला आहे. दुसऱ्याचा उष्टा चमचा मी जन्मात तोंडात घातला नव्हता. मी त्याच चमच्यानं जेवलो, दादा समोर बसून बघत होता, आणि निघताना तो मी शर्टाच्या खिशात ठेवला.